हरिकेनच्या पाठीवरचं कापड : प्रकल्प नोंदी

९ जून २०२४, रविवार

विमान आज हातात आलं. दुसऱ्या महायुद्धातल्या हॉकर हरिकेन मार्क २-सी या लढाऊ विमानाचं मॉडेल, १:७२ (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याचं), डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूचं. मुंबईच्या एका संग्राहकाकडून २,२०० रुपयांना घेतलं. डबा नाही, स्टँड नाही, उजव्या पंखाचं टोक खरवडलेलं, एक चाक गायब, कॉकपिटच्या मागचा अँटेनाचा खांब मुळातून मोडलेला. म्हणून तर एवढ्यात मिळालं.

विमान नखशिखांत काळं आहे. ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सच्या नंबर १ स्क्वाड्रनचं. रात्री जर्मन विमानतळांभोवती घिरट्या घालायच्या आणि उतरायला आलेले बॉम्बर टिपायचे, हे त्यांचं काम. कारेल कुटेलवाशर नावाचा चेक वैमानिक १९४२ मध्ये असंच काळं हरिकेन घेऊन फ्रान्सवर जायचा. काही महिन्यांत त्याने अशा फेऱ्यांमध्ये १५ विमानं पाडली. मोठा माणूस. त्याच्या विमानाचा रंग उतरवायचा म्हणजे हात धजत नाही, पण हे विमान मी त्याच कामासाठी घेतलं आहे.

मला दुसरं नंबर १ स्क्वाड्रन हवं आहे. आपलं. भारतीय वायुदलाचं नंबर १, इंफाळ, १९४४ चा पावसाळा.

माझ्या कपाटात सव्वीस डायकास्ट विमानं आहेत. जवळपास प्रत्येकाच्या डब्यावर वैमानिकाचं नाव आहे. कुणाचं विमान, किती पाडली, कुठल्या तारखेला. ते वाचूनच आम्ही विकत घेतो, मीही घेतो. पण रोज पहाटे त्या विमानाखाली चिखलात उताणं पडून तेल पुसणारा, फाटलेलं कापड सांधणारा, तोफांच्या पट्ट्या भरणारा जो कोणी असेल, त्याचं नाव कुठल्याच डब्यावर नसतं. हे हरिकेन मी त्याचं म्हणून रंगवणार आहे.

१५ जून, शनिवार

खोललं. पोटाखाली दोन स्क्रू, शेपटीजवळ एक. पंख एका तुकड्यात, धड दोन अर्ध्यांत. प्रोपेलर, काच, चाकं आणि चाकांची झाकणं प्लास्टिकची. सगळं वेगवेगळ्या डब्यांत घालून डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. स्वयंपाकघरातल्या काट्यावर नुसते धातूचे भाग १८४ ग्रॅम भरले.

मापं घेतली. खऱ्या हरिकेनचा पंखविस्तार ४० फूट, म्हणजे १२.१९ मीटर. बहात्तराने भागलं की १६९ मिलिमीटर. कॅलिपरवर १६९ च्या केसभर अलीकडे. लांबीही बरोबर. साचा करणाऱ्यांनी काम मनापासून केलं आहे. खटकतात त्या दोनच गोष्टी: पंख आणि धड जुळतात तिथली फट आणि पाठीवरचं कापड. त्याबद्दल पुढे.

रंग काढण्याबद्दल एक गोष्ट नव्याने या छंदात आलेल्यांसाठी लिहून ठेवतो. जुना रंग काढायला कुणी कॉस्टिक सोडा सुचवला तर ऐकू नका. लोखंडाला तो चालतो. ही विमानं झामाकची असतात, म्हणजे जस्त, त्यात चारेक टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि चिमूटभर मॅग्नेशियम. कॉस्टिक जस्तालाही खातो आणि अ‍ॅल्युमिनियमलाही. फेस येतो, हायड्रोजन सुटतो आणि रंगाबरोबर पॅनेलच्या बारीक रेषाही जातात. गाड्यांच्या पेंटरकडचं रिमूव्हर वापरलं. गच्चीत, हातमोजे घालून, प्लास्टिकचा एकही तुकडा जवळ न ठेवता. दहा मिनिटांत रंग सुरकुतला, जुन्या टूथब्रशने निघाला. खाली राखाडी, गार, जड धातू.

धातू निरोगी आहे. तडा नाही, फुगवटा नाही. जुन्या काळी जस्तात शिसं मिसळलं गेलं की ती खेळणी काही वर्षांनी आतून कुजायची, हातात भुगा व्हायची. तसलं काही इथे नाही.

२२ जून, शनिवार

आज मुद्दाम काम केलं नाही, वाचत बसलो. बरोबर ऐंशी वर्षांपूर्वी, २२ जून १९४४ ला, कोहिमाकडून आलेलं ब्रिटिश-भारतीय सैन्य आणि इंफाळकडून निघालेलं सैन्य रस्त्यावरच्या १०९ व्या मैलाच्या दगडापाशी भेटलं आणि इंफाळचा वेढा उठला. मार्चअखेरपासून जपान्यांनी तो रस्ता तोडला होता. दाणागोटा, दारूगोळा, पेट्रोल सगळं विमानाने आत आणि जखमी विमानाने बाहेर.

नंबर १ स्क्वाड्रन फेब्रुवारीतच इंफाळला पोचलं होतं. कमान स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग यांच्याकडे, वय पंचवीसच्या आत. त्यांची हरिकेनं डोंगरांच्या घळींतून खाली उतरून जपानी सैन्य कुठून सरकतंय ते हेरायची, मारा करायची, परत येऊन उतरायची. ढग इतके खाली की डोंगराचा माथा दिसत नाही अशा दिवसांतही. जूनमध्ये लॉर्ड माउंटबॅटननी इंफाळला येऊन अर्जन सिंग यांच्या छातीवर डीएफसी (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस) हे शौर्यपदक लावलं. पुढे ते वायुदलप्रमुख झाले, मार्शल झाले, हे आपल्याला माहीत असतं. त्या विमानतळावर वेढ्याच्या काळात इंजिनं कुणी चालू ठेवली हे कुणी विचारत नाही.

याच स्क्वाड्रनचा आपल्या मुंबईशी एक धागा आहे. हरिकेनच्या आधी, १९४१ मध्ये, त्यांच्याकडे लायसँडर विमानं आली. ती १२ लायसँडर मुंबईच्या लोकांच्या वर्गणीतून, युद्धनिधीतून घेतलेली होती. ती घेऊन स्क्वाड्रन लीडर करुण कृष्ण मजुमदार १९४२ च्या सुरुवातीला ब्रह्मदेशात गेले. टेहळणीसाठी बनलेल्या त्या संथ विमानांना बॉम्ब लटकवून त्यांनी सयामच्या हद्दीतल्या जपानी विमानतळावर हल्ला चढवला. (मजुमदार इतरत्र ‘जम्बो’ नावाने भेटतील.) डीएफसी मिळवणारे ते आपल्या वायुदलातले पहिले. बॉम्ब लटकवायच्या त्या कड्या लायसँडरला कुणीतरी जमिनीवर बसून, हातांनी बसवल्या असणार.

आणि अगदी सुरुवात: १ एप्रिल १९३३, कराचीचं ड्रिग रोड. चार वापिटी विमानं, सहा अधिकारी आणि १९ हवाई शिपाई. ‘हवाई शिपाई’ हा शब्द मला फार आवडतो. तो चालू राहायला हवा होता.

३० जून, रविवार

आज दोन्ही पालख्या पुण्यात. रस्ते बंद, त्यामुळे काका दिवसभर घरीच सापडले. काका म्हणजे आमच्या शेजारच्या इमारतीतले. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर त्यांनी उमेदीची वर्षं काढली. रोहिणी ग्लायडर लाकडाचं आणि कापडाचं. ते कापड चढवणं, शिवणं, त्याला डोप (कापड घट्ट करणारं लॅकर) मारणं हे काकांचं काम. वय आता एक्याऐंशी. डावा डोळा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उजव्यापेक्षा चांगला झालाय.

हरिकेन हे मधल्या काळातलं विमान. पंख पत्र्याचे, नाक पत्र्याचं, पण कॉकपिटच्या मागचं धड म्हणजे पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी कमानी आणि लांब पट्ट्या, आणि त्यावर ताणून बसवलेलं लिननचं कापड. त्याच काळातल्या स्पिटफायर या दुसऱ्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं धड पुरतं पत्र्याचं. म्हणूनच हरिकेन दुरुस्तीला सोपं. कापडातून गोळी आरपार गेली आणि आतली नळी वाचली तर ठिगळ लावून विमान पुन्हा वर.

मॉडेलच्या पाठीवर साचाकारांनी त्या पट्ट्या उठवून दाखवल्या आहेत. मला त्या पहिल्या दिवसापासून खटकत होत्या, पण का ते शब्दांत सांगता येत नव्हतं. काकांनी विमान हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि अंगठ्याचं नख पाठीवरून शेपटीपर्यंत ओढलं. कर्रर्र आवाज झाला.

‘हे कापड नाही रे. ही बाज झाली बाज, सुंभाची.’

‘मग कसं हवं, काका?’

‘डोप मारलं की कापड आकसतं. ढोलावरचं चामडं तापवल्यावर कसं होतं, तसं. दोन पट्ट्यांच्या मधे दबतं, नाही असं नाही, पण इतकं कुठलं? नख फिरवलं तर नखाला कळायला पाहिजे आणि डोळ्याला संशय यायला पाहिजे. बस.’

मग डोपवर बोलत राहिले. पहिले हात साधे, कापड घट्ट करायला. मग चंदेरी, अ‍ॅल्युमिनियमची पूड घातलेले, कारण ऊन कापडाला खातं. त्यावर रंग. शेडमध्ये पिकल्या केळ्यांसारखा वास भरून राहायचा, घरी गेल्यावर बायको म्हणायची आज जेवण केळ्यांचं का. फाटलं तर टाका कसा घालायचा, ठिगळाच्या कडा दातेरी कातरायच्या म्हणजे धागे सुटत नाहीत, हे त्यांनी माझ्या रुमालावर बोटाने आखून दाखवलं.

संध्याकाळी पाठ घासायला घेतली. ४०० चा वॉटर पेपर, मग ८००, मग १२००. दर पाच मिनिटांनी नख फिरवायचं. तीन तासांत काकांच्या परीक्षेला उतरेल असं झालं. शेवटी बोटाचं टोक हुळहुळं झालं होतं. दिंड्यांचे टाळ मधूनमधून ऐकू येत होते.

७ जुलै, रविवार

या आठवड्याचं काम नाकाखालचं. मूळ मॉडेल इंग्लंडमधलं, त्यामुळे त्याची हनुवटी साफ आहे. आपल्याकडच्या हरिकेनला तिथे व्होक्सचा धूळगाळक असायचा, बैलाच्या गळ्याखालच्या पोळीसारखा पुढे आलेला. उन्हाळ्यात मातीच्या धावपट्टीवरची धूळ आत गेली तर हरिकेनचं मर्लिन इंजिन काही दिवसांत बसायचं. गाळक लावला की वेग थोडा मारला जायचा, पण त्याला इलाज नव्हता. गाळकाशिवाय इंफाळचं हरिकेन म्हणजे चुकीचं हरिकेन.

एम-सील घेतलं. दोन्ही रंगांच्या वड्या सारख्या मळून सुपारीएवढा गोळा केला, नाकाखाली पातळ प्लास्टिकची पिशवी लावून त्यावर दाबला, म्हणजे आकार बरोबर बसेल पण चिकटणार नाही. अर्ध्या तासात ओल्या ब्लेडने ढोबळ कापून घेतला, रात्रभर वाळवला, आज घासला.

पहिला फार मोठा झाला. बाजूने पाहिलं की विमान हनुवटी वर करून बसल्यासारखं दिसायचं. टाकून दिला. दुसरा तोंडाशी अरुंद. तिसरा जमला. तोंडाचं भोक दीड मिलिमीटरच्या ड्रिलने पाडून सुईच्या कानशीने लांबट केलं. आत काळा रंग आत्ताच देऊन ठेवला, नंतर ब्रश पोचणार नाही.

हरवलेलं चाक: शिल्लक चाकाचा सिलिकॉनमध्ये साचा घेतला, त्यात एम-सील दाबलं. एक बुडबुडा राहिला, तो टायरच्या खालच्या बाजूला येईल असं बसवेन. अँटेनाच्या खांबाला खराट्याची काडी तासली. निमुळती, चिवट, सरळ. पितळी तारेपेक्षा बरी.

पंख-धडाची फट कार पेंटरच्या लांबीने (पुटीने) भरली.

१४ जुलै, रविवार

प्रायमरचा दिवस वाया. जस्तावर साधा प्रायमर धरत नाही, नखाने सोलून येतो, म्हणून गाड्यांना वापरतात तो एच (etch) प्रायमर आणला. त्यातलं आम्ल धातूला किंचित खाऊन पकड घेतं. सकाळी उघडीप होती, गच्चीच्या जिन्यात बसून पहिला हात मारला. दुसऱ्या हाताला सुरुवात केली आणि सर आली. हवा एकदम ओली झाली. पाच मिनिटांत डाव्या पंखावर दुधाची साय धरावी तसं पांढुरकं आलं. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी तिथेच बसतं. पावसाळ्यात हे होतं हे मला माहीत आहे, तरी घाई केली.

उतरवून पुन्हा करायचं. आता पंख्याखाली नाही, बंद खोलीत, गॅलरीचं दार लावून, एका मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ६० वॉटचा जुना बल्ब लावून. आधी विमान त्यात अर्धा तास कोमट करायचं, मग हात मारायचा, मग लगेच परत खोक्यात.

१६ जुलै, मंगळवार

खोक्याची युक्ती लागू पडली. प्रायमर एकसारखा, नखाला दाद देत नाही. कापडाच्या पाठीवर तिरपा उजेड पडला की पट्ट्या पुसट दिसतात आणि समोरून पाहिलं की जातात. काकांना फोनवर फोटो पाठवला. त्यांनी तो मोठा करून बघितला असावा, कारण दहा मिनिटांनी ‘चालेल’ एवढंच आलं.

२१ जुलै, रविवार

रंग. खाली मीडियम सी ग्रे, वर डार्क अर्थ आणि त्यावर डार्क ग्रीनचे पट्टे. नावं इंग्रज मंत्रालयाची, पण डार्क अर्थ म्हणजे पहिल्या पावसानंतरच्या वावराचा तपकिरी आणि डार्क ग्रीन म्हणजे जुन्या आंब्याच्या पानाचा. बाटलीतला रंग तसाच मारला नाही. एवढ्याशा विमानावर तो फार गडद बसतो, म्हणून दोन्हींत आठात एक या प्रमाणात फिकट राखाडी घातला.

आधी सगळं विमान तपकिरी. मग हिरव्या पट्ट्यांच्या कडांना निळी चिकटमाती लांब वळून लावली, चकलीच्या सोऱ्यातून पडते तेवढ्या जाडीची, आणि मधल्या भागाला टेप. अशी वळी लावली की कडा कापल्यासारखी येत नाही, जराशी विरते. खऱ्या विमानावर ती वीत-दीड वीत विरली तर इथे तीन ते पाच मिलिमीटर, त्यामुळे वळी बारीकच हवी.

एअरब्रशचं नोझल ०.३ चं. एक बाजू झाली. हात बरा लागलाय.

२५ जुलै, गुरुवार

रात्रभर कोसळतोय. खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रस्त्याला नदीकाठच्या सोसायट्यांत पाणी शिरलं, लोकांना होडीतून काढतायत. एकतानगरीतला माझा मावसभाऊ दोन मुलांना घेऊन पहाटे आमच्याकडे आला, अंगावरच्या कपड्यांनिशी. वीज सकाळपासून नाही.

विमान खोक्यात तसंच आहे, अर्धं हिरवं.

२८ जुलै, रविवार

मावसभाऊ आणि मी तीन दिवस त्याच्या घरातला गाळ काढत होतो. आज दुपारी तो झोपला आणि मी टेप काढायला बसलो.

डाव्या पंखावर टेपबरोबर रंग आला. नखाएवढा तुकडा, प्रायमरसकट, खाली चकचकीत जस्त. तिथेच बोटाचा तेलकट डाग राहिला असणार. रंग देण्याआधी पंख धुतला पण टोकाशी धरून धुतला, आणि नेमकं जिथे धरलं तिथेच गेलं. इतके दिवस टेप तशीच चिकटून राहिल्याने तिनेही जोर धरला. साहजिक आहे.

मावसभावाचा मोठा मुलगा शेजारी बसून बघत होता, वय नऊ. तो म्हणाला, आता पूर्ण परत करणार का? मी म्हटलं नाही, एवढंच करू. त्याने १२०० च्या पेपरने कडा घासल्या, मी ब्रशनेच प्रायमर आणि मग रंग थापला. त्याचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. जोड दिसते, अगदी पुसट.

४ ऑगस्ट, रविवार

रोंडेल, म्हणजे विमानावरचं देशाचं गोल चिन्ह. या कामासाठीच सगळा खटाटोप.

ब्रिटिश विमानांवरच्या गोल चिन्हाच्या मधोमध लाल ठिपका असतो. जपानी विमानांवर नुसता लाल गोळा. जंगलावरून झाडांच्या उंचीने जाणारं विमान खालच्या तोफवाल्याला दोन सेकंद दिसतं. त्या दोन सेकंदांत लाल दिसलं की तो गोळी घालणार, मग विमान कुणाचंही असो. म्हणून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लाल काढून टाकला. आधी तो पांढऱ्याने झाकला, मग पांढराही लांबून चमकतो म्हणून त्यात निळा मिसळून फिकट निळा केला. बाहेर गडद निळं कडं, आत फिकट निळा गोळा. शेपटीवरही तेच दोन निळे, लाल कुठेच नाही.

हे बदल कारखान्यात झाले नाहीत सगळे. कितीतरी विमानांवर ते धावपट्टीच्या कडेला, डबा आणि ब्रश घेऊन झाले. म्हणून मी तयार डेकल (छापील, चिकटवायची चिन्हं) वापरणार नाही. डेकलचा फिकट निळा सगळीकडे एकच असतो.

फिकट निळा जुळवायला दोन संध्याकाळी गेल्या. नुसता पांढरा आणि निळा मिसळला की बाळाच्या झबल्याचा रंग येतो. त्यात रोंडेलचाच गडद निळा घातला, आणि राखाडीचा एक थेंब. ओला असताना बरोबर वाटला, वाळल्यावर काळवंडला. चौथ्या वेळी जमला: धुवून धुवून विटलेल्या शाळेच्या शर्टाचा निळा.

करकटकाच्या टोकाला ब्लेडचा तुकडा बसवून टेपचे गोल कापले. आधी गडद निळा पूर्ण गोल, वाळल्यावर आतला गोल. सहा ठिकाणी: पंखांवर दोन, पंखांखाली दोन, धडाच्या दोन बाजूंना एकेक. या वेळी प्रत्येक जागा आधी स्पिरिटने पुसली आणि टेप मनगटावर दोनदा चिकटवून तिची चिकट मारून घेतली. एकाही ठिकाणी रंग आला नाही.

उजव्या बाजूचा आतला गोल ब्रशने दिला, एअरब्रशने नाही. जवळून पाहिलं तर ब्रशचे फराटे दिसतात. ते तसेच ठेवले.

१० ऑगस्ट, शनिवार

काल रात्री पंखांवर आणि शेपटीवर पांढरे पट्टे मारले. त्या आघाडीच्या हरिकेनचे फोटो पाहिलेत त्यांना हे पट्टे ओळखीचे असतील. तपकिरी-हिरव्यावर पांढरा पट्टा फार उठून दिसतो. विमान एकदम देखणं झालं. घरातल्या सगळ्यांना आवडलं.

सकाळी उठलो तेव्हाच मनात टोचत होतं. ते पट्टे १९४५ च्या सुरुवातीला आले. मी रंगवतोय १९४४ चा जून. वेढ्यातल्या विमानावर ते नव्हते.

तासभर विमान समोर ठेवून बसलो. पट्टे ठेवून साल बदलता आलं असतं, स्क्वाड्रन तेव्हाही त्या आघाडीवर होतंच. पण मी जूनसाठी निघालो होतो. पाऊस, तुटलेला रस्ता, पेट्रोलचा प्रत्येक डबा विमानाने आलेला. पट्टे घासून काढले आणि खालचे दोन्ही रंग पुन्हा दिले. दिवस गेला.

१५ ऑगस्ट, गुरुवार

सुट्टी. १९४७ च्या या दिवशी लाल किल्ल्यावरून शंभरावर विमानं गेली, त्या ताफ्याचं नेतृत्व अर्जन सिंग यांनी केलं होतं. पुढे विमानांवर आपला केशरी-पांढरा-हिरवा गोल आला.

आज मळवणं. मर्लिनच्या धुराड्यांपासून मागे धुराचा डाग, काळा नाही, करडा-तपकिरी, खडूच्या भुकटीने. पोटाखाली तेलाचे ओघळ. पंखाच्या मुळाशी, जिथे पाय देऊन चढतात, तिथे रंग उडून चंदेरी. चाकांवर चिखल, त्यासाठी कुंडीतली माती चाळून डिंकाच्या पाण्यात कालवली. बुडबुड्याचं चाक उजवीकडे, बुडबुडा खाली.

चार तोफांच्या नळ्यांच्या तोंडांवर लाल कापडाचे तुकडे चिकटवावेत असं मनात होतं, पण सगळ्या विमानातून लाल काढलाय, तर तिथेही नको. मातकट पट्टी लावली.

नाव, आकडे, पाडलेल्या विमानांच्या खुणा काहीच लिहिलं नाही. धडावर एकच अक्षर, पांढरं.

१८ ऑगस्ट, रविवार

काकांना घेऊन आलो. जिने चढायला त्यांना वेळ लागतो, मधे दोनदा थांबलो. मावसभावाची मुलंही आहेत, त्यांचं घर अजून वाळलेलं नाही.

काकांनी विमान टेबलावरून उचललं नाही. खिडकीतल्या उजेडात फिरवायला सांगितलं. पाठीवर उजेड तिरपा पडला तसे पुढे झुकले. नखाऐवजी बोटाचं पेर फिरवलं, मागून पुढे.

‘हां. आता कापड आहे.’

मग बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘पण हे नवंकोरं आहे. इतके महिने उडलं म्हणतोस, तर कुठे फाटलं नाही? ठिगळ कुठंय?’

मी गप्प. मळवलं, घासलं, धूर दाखवला, आणि नेमकं तेच राहिलं होतं.

जागा त्यांनीच दाखवली. डावी बाजू, रोंडेलच्या मागे, दोन पट्ट्यांच्या मधे, थोडं खाली. खरं ठिगळ सहा इंचाचं धरलं तर इथे दोन मिलिमीटर. सिगरेटच्या पाकिटातला पातळ कागद घेतला, काकांनी भिंग धरलं, मी ब्लेडने चौकोन कापला. कडा दातेरी करणं त्या मापात कुणालाच शक्य नाही, तरी चार टोकांना ब्लेड टेकवलं. पातळ लॅकरने चिकटवला. वर हिरवा, पण बाटलीतला, फिकट न केलेला. ठिगळावरचा रंग नवा असतो, तो भोवतालपेक्षा गडद दिसतो.

वाळायला दहा मिनिटं लागली. तेवढ्यात काकांनी मुलांना रोहिणीच्या पंखाला सुई आरपार कशी न्यायची, एक माणूस वर आणि एक खाली कसा बसायचा आणि खालच्याने सुई परत कशी द्यायची ते सांगितलं. धाकट्याने विचारलं, खाली कोण बसायचं?

‘मी,’ काका म्हणाले. ‘माझी उंची कमी ना.’

विमान कपाटात वरून दुसऱ्या फळीवर, डावी बाजू पुढे करून ठेवलं.